दोन हिरवी शून्यं

इंदूमावशी राजूरकर कुठलंही काम संपलं की दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच आपटायच्या आणि मग हात उलटे-सुलटे करून समोर धरायच्या. पोळ्या लाटून झाल्या की तसं, भांडी विसळून झाली की तसं. एकदा हळदीकुंकवाला समोरच्या बाईला कुंकू लावून झाल्यावरही त्यांनी तेच केलं. ती बिचारी गोंधळून त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एकवीस वर्षांची सवय आहे, बाप्पा. टेबल सोडताना वरच्या कॅमेऱ्याला हात दाखवावे लागतात. बोटांत काही लपवलं नाही हे त्याला दिसलं पाहिजे."

टेबल म्हणजे रूलेटचं. नागपुरात महाल भागात वाढलेली, संस्कृत घेऊन बी.ए. झालेली ही बाई अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत एकवीस वर्षं चाक फिरवत होती. न्यू जर्सीतले आमचे मराठी लोक हे आडून बोलायचे. 'मावशी हॉटेल लाइनमध्ये होत्या' असं म्हणायचे. मावशींच्या कानावर पडलं तर त्या तिथल्या तिथे दुरुस्ती करत. "हॉटेलात नाही. जुगारात."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पार्सिपनीच्या लायब्ररीत, एका शनिवारी सकाळी. दारावर कागद होता, 'रूलेट: इतिहास आणि ओळख. वक्त्या, निवृत्त डीलर.' आत दहा-बारा म्हातारी माणसं, कॉफीचा मोठा थर्मास, आणि टेबलावर टॉवेलखाली झाकलेलं काहीतरी गोल. मी तिथे का गेलो होतो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या दिवसांत मी टिपणीसकाकांचा माणूस होतो. प्रभाकर टिपणीस. पुण्याहून कामाच्या व्हिसावर नवा नवा आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला ते आले होते. पहिलं अपार्टमेंट त्यांनीच मिळवून दिलं, आणि घरात भांडी नव्हती तेव्हा टिपणीसकाकूंनी कुकर पाठवला. इथे असं करणारा माणूस देवासारखा वाटतो. तर या काकांची रूलेटची एक 'पद्धत' होती. लालवर एक डॉलर लावायचा. हरलात तर पुढच्या वेळी दुप्पट लावायचं. पुन्हा हरलात तर त्याच्या दुप्पट. कधीतरी लाल येणारच, आणि आलं की मागचं सगळं भरून निघून वर एक डॉलर नफा. मग पुन्हा एकपासून सुरुवात. पूर्वी ते शनिवारी बस भरून लोकांना अटलांटिक सिटीला न्यायचे. आता न्यू जर्सीत रूलेट फोनवरही खेळता येतं, त्यामुळे बसच्या जागी व्हॉट्सॲपचा ग्रुप आला होता. त्या ग्रुपसाठी मी एक ॲप लिहून दिलं होतं. कुठला रंग आला ते त्यात टिपायचं आणि पुढे किती लावायचं ते ॲप सांगणार. एक पैसाही घेतला नव्हता. उपकाराची फेड, असं मला वाटत होतं.

मावशींनी टॉवेल काढला. खाली खरंखुरं चाक होतं. डीलर शिकवणारी एक शाळा बंद पडली तेव्हा त्यांनी ते मागून घेतलं होतं. त्यांनी चाक एका दिशेला फिरवलं, पांढरी गोळी उलट्या दिशेने कडेला सोडली, आणि ती घरंगळत असतानाच बोलायला लागल्या. इंग्रजी नागपुरी वळणाचं, पण कुठेही न अडखळणारं. रूलेट म्हणजे फ्रेंचमध्ये छोटं चाक. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच गणितज्ञाला कधीच न थांबणारं यंत्र करायचं होतं, त्यातून हे निघालं असं म्हणतात. "म्हणतात. कागद कुणी दाखवलेला नाही." मग ते पॅरिसच्या जुगारखान्यांत आलं. तेव्हाही त्यात दोन शून्यं होती, ती आली की पैसे मालकाचे. पुढे एका जर्मन गावात दोन भावांनी गिऱ्हाईक ओढायला एक शून्य काढून टाकलं, म्हणून युरोपात आजही एकच. अमेरिकेने दोन्ही ठेवली. एके काळी तर इथे तिसऱ्या खाचेत गरुडाचं चित्र असायचं, तेही मालकाचंच. "आणि आता काही टेबलांवर खरंच तीन शून्यं आलीत. लोक तरीही बसतात."

कुणीतरी विचारलं, एक ते छत्तीस बेरीज केली तर सहाशे सहासष्ट येते, तो सैतानाचा आकडा ना? मावशी म्हणाल्या, "सैतानाचा नाही. बेरजेचा." म्हातारे खदखदून हसले. तेवढ्यात गोळी टक् टक् करत एका खाचेत बसली.

व्याख्यान संपल्यावर मी पुढे गेलो. त्या मराठी आहेत हे नावावरून कळलंच होतं. मोठ्या अभिमानाने फोन काढून त्यांना ॲप दाखवलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, स्क्रीनवर बोट फिरवलं.

"लाल दिसून राहिलं, काळं दिसून राहिलं. हिरवं कुठे आहे?"

"म्हणजे?"

"शून्य आणि डबल शून्य. अडतीस खाचा आहेत चाकाला. तू छत्तीसच धरल्यास."

"ते... काका म्हणाले हिरव्याचं काही धरू नकोस. क्वचित येतं."

"कोण काका?"

मी नाव सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.  फक्त म्हणाल्या, "उद्या दुपारी जेवायला ये. बायको असेल तर तिलाही आण."

मग कित्येक रविवार मी आणि माझी बायको मृणाल त्यांच्याकडे जेवलो. वडाभात, पाटोड्या, पुडाची वडी. जेवणानंतर चाक. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, आणि साधी गोष्ट मला या बाईंनी शिकवली. एका आकड्यावर लावलं आणि तो आला तर पस्तीसपट देतात. छत्तीसच खाचा असत्या तर हिशेब सरळ होता. पण खाचा अडतीस. त्या दोन हिरव्या खाचांमध्ये कॅसिनोची इमारत, गालिचे, झुंबरं, फुकटची बुफे कुपनं आणि मावशींचा पगार, सगळं मावतं. लाल-काळ्याचंही तसंच. हिरवं आलं की लालवाला हरतो, काळ्यावालाही हरतो. चाकावरचे आकडे ओळीने नसतात, ते त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. शून्य, अठ्ठावीस, नऊ, सव्वीस, तीस, अकरा... भाजी ढवळता ढवळता म्हणायच्या. आणि मी कधी 'सहा वेळा काळं आलंय, आता लाल येणारच' असं बोललो की उसळायच्या. रागावल्या की त्यांची नागपुरी अजून गडद व्हायची. "काहून येणार? गोळीले काय ठाऊक मघाशी कुठे बसली होती ते? ती काय डायरी लिहिते का?"

एका रविवारी गाजर किसता किसता त्यांनी त्यांच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली.

मधुकर राजूरकर पुलांची ड्रॉइंग्ज काढायचे. शांत, नेटका माणूस. टिपणीसांच्या पहिल्या बसमध्ये पहिल्या सीटवर ते होते, कारण दोघे जिवलग मित्र. सुरुवातीला पद्धत चालली. चालतेच. छोटे छोटे विजय पुष्कळ होतात. मग एका शनिवारी ओळीने आठ वेळा लाल आलं नाही, आणि टेबलाची वरची मर्यादा संपली. दुप्पट लावायला परवानगीच नव्हती. त्यानंतर मधुकरराव भरून काढायला जात राहिले. दोन वर्षांत घर गेलं. एका नोव्हेंबरात दुपारी समुद्राकाठच्या लाकडी फूटपाथवर, बाकावर बसल्या बसल्या त्यांचं हृदय बंद पडलं. कोटाच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. त्यावर त्यांच्या सुंदर ड्राफ्ट्समनच्या अक्षरात उभे रकाने होते, लाल, काळा, काळा, लाल. मुलगी रीमा तेव्हा सातवीत होती.

"चौथ्या दिवशी हा प्रभाकर आला," मावशी म्हणाल्या. किसणीवरचा हात थांबला नव्हता. "हॉल भरलेला. सगळ्यांसमोर म्हणतो, मधूने शेवटच्या पायरीवर कच खाल्ली, पद्धत चुकलेली नाही. माह्या नवऱ्याची राख घरात होती, आणि हा पद्धतीची बाजू घेऊन राहिला होता. बसमागे कॅसिनो त्याले माणशी कमिशन देत होतं, हे मले मागून कळलं. तेव्हाच ठरवलं. हे चाक काय आहे ते मी शिकेन, आणि याले याच्याच पद्धतीने उघडा पाडीन."

पुढच्या महिन्यात त्यांनी डीलरच्या शाळेत नाव घातलं. लोक म्हणाले, नवऱ्याला ज्या जागेने खाल्लं तिथेच ही नोकरी करते. मावशी चाकामागे एकवीस वर्षं उभ्या राहिल्या. आणि त्या एकवीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट टिपली. टिपणीस लोकांना घेऊन यायचे, खुर्चीमागे उभे राहून सल्ला द्यायचे, बुफेत जेवायचे. स्वतः कधीही, एकदाही, त्यांनी टेबलावर चिपची चकती ठेवली नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ॲपमध्ये हिरवं घातलं. टेबलाची मर्यादा घातली. मग ते कॉम्प्युटरवर एक लाख वेळा चालवलं. आलेखाची रेघ थोडी वर जायची आणि धाडकन खाली यायची, पुन्हा थोडी वर आणि पुन्हा धाडकन. काका ग्रुपवर जे आलेख पाठवायचे ते मीच काढलेले होते, आणि ते सगळे वर जाणारे होते. चाळीस-पन्नास घरांत ते पोचले होते. मृणालला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हे तू लिहिलंस, निनाद? तू?"

पुढच्या रविवारी मी मावशींना म्हणालो, "तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?"

"खरं सांगू? तुले जेवू घातलं ते काही माया आली म्हणून नाही. त्याच्या घरातला माणूस पाहिजे होता मले." मग माझ्या ताटात पाटोडी वाढत, "माया मागून आली. तो भाग वेगळा."

मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला एका शाळेचं कॅफेटेरिया घेतलं होतं. श्रीखंडपुरीचं जेवण, मुलांची नाटुकली, आणि देणगी जमवण्यासाठी मावशींनी सुचवलेला एक गमतीचा स्टॉल, 'रूलेट, खोट्या चिप्सवर'. भर दुपार होती. दीडशे माणसं. मावशी पांढरा शर्ट, काळी पँट, काळं जाकीट घालून चाकामागे उभ्या. शेजारी पाटी, 'कमीत कमी एक, जास्तीत जास्त शंभर'. भिंतीवर मी माझं दुरुस्त केलेलं ॲप मोठं करून दाखवत होतो. माईक घेऊन मावशी गोड आवाजात म्हणाल्या, "आपल्यात या खेळाचे गुरू आहेत. प्रभाकरराव, या, पोरांना पद्धत दाखवा."

काका म्हणाले पाठ दुखते. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "काका! काका!" माणूस टाळ्यांना भुलणारा. आले.

पहिली वीस मिनिटं ते जिंकत होते. दर विजयाला जल्लोष. मी घामाघूम झालो. मावशींच्या जवळ जाऊन पुटपुटलो, "मावशी, हे उलटं होतंय."

"थांब नं. अजून श्रीखंड यायचंय," त्या म्हणाल्या आणि गोळी सोडली.

काळा. काकांनी दोन लावले. काळा. चार. डबल शून्य. आठ. काळा. हॉलमधला आवाज कमी झाला. काका ओरडले, "हिचा हात आहे यात! ही मुद्दाम टाकतेय!"

मावशी चाकापासून दोन पावलं मागे सरकल्या. "शालिनीवहिनी, तुम्ही टाका."

टिपणीसकाकू पुरीची ताटली खाली ठेवून उठल्या. काकांनी सोळा लावले. काकूंनी पदराला हात पुसले आणि गोळी टाकली. काळा. बत्तीस लावले. त्यांनी पुन्हा टाकली. काळा. चौसष्ट लावले. काळा. काकांचा हात पुढच्या चिप्सकडे गेला. मावशींनी पाटीवर बोट ठेवलं. "एकशे अठ्ठावीस नाही लावता येत. शंभरच्या वर नाही. मधूलाही नव्हते लावता आले."

"खऱ्या टेबलावर असं होत नाही," काका म्हणाले. आवाज फाटला होता.

"खऱ्या टेबलावर एकवीस वर्षं मी उभी होते. तुले एकदाही खेळताना पाहिलं नाही. दुसऱ्यांना बसवलंस. आता सांग सगळ्यांले, माह्या घरी, चौथ्या दिवशी, काय म्हणाला होतास?"

"मला... मला काही आठवत नाही."

 आणि मग गोळी हातात घेऊन उभ्या असलेल्या टिपणीसकाकू हळूच म्हणाल्या, "मला आठवतं. मी तिथेच होते. तुम्ही म्हणालात, मधूने कच खाल्ली."

त्या दिवसानंतर व्हॉट्सॲप ग्रुप चार तासांत रिकामा झाला. मंडळाने काकांचं नाव सल्लागारांतून काढलं. पण काका गप्प बसले नाहीत. त्यांनी माझ्या कंपनीला पत्र पाठवलं, की हा मुलगा व्हिसावर असताना बाहेरची कामं करतो. तीन महिने चौकशी चालली, व्हिसा जायची भीती होती. मृणाल गरोदर होती. ती बाथटबच्या काठावर बसून कंपनीचं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायची आणि मी दार उघडलं की घडी घालून ठेवायची. मी पैसे घेतले नव्हते म्हणून सुटलो. पण ते तीन महिने मी विसरलेलो नाही. विसरायची इच्छाही नाही.

काका मग मुलाकडे दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला राहायला गेले. मला वाटलं, संपलं. मावशींनी फोन केला. "अ‍ॅशबर्नच्या लायब्ररीत माझं व्याख्यान ठरलंय. तू ड्राइव्ह करशील का?"

"मावशी, आता पुरे की."

"तुले पुरे असेल. मले नाही. तिथेही लोक असतीलच नं."

चार-साडेचार तास ड्राइव्ह करून गेलो. पहिल्या रांगेत टिपणीसकाकू बसल्या होत्या. व्याख्यानानंतर दोघी कॉफी घेत कुजबुजत होत्या, मधूनच हसतही होत्या. काचेतून मला पार्किंगमधली गाडी दिसली. आत काका, सीटबेल्ट लावलेलाच. मावशींनीही त्यांना पाहिलं होतं. बाहेर येऊन त्या सरळ गाडीपाशी गेल्या. काच खाली आली.

काका खूप वाळले होते. म्हणाले, "इंदू, मला माफ कर. मला झोप लागत नाही."

मावशींनी त्यांच्याकडे नीट, शांतपणे पाहून घेतलं. एखादा फोटो बघावा तसं. "नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "चल, भूक लागली." वाटेत त्यांनी अख्खं सँडविच खाल्लं, आणि वर माझे चिप्सही.

दोन हिवाळ्यांनी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. रीमा ॲन आर्बरला संशोधन करते, ती काम सोडून आली. रीमा मला एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "आय अस्क्ड हर, आई, आर यू ॲट पीस? शी सेड, हे विचारून मला दमवू नको." आणि हसता हसता रडायला लागली.

शेवटच्या आठवड्यात मी एकटाच जवळ बसलो होतो. मावशींनी डोळे उघडले. "मी गेल्यावर प्रभाकरचा तुला फोन येईल. त्याला सांग, माझं झालं."

"म्हणजे माफ केलं असं सांगू?"

"माफ-बिफ काही नाही. माझं झालं, एवढंच. त्याला कळेल." मग पुन्हा डोळे मिटले.

मावशी गेल्या. फोन आला चौदाव्या दिवशी. "निनाद," काका म्हणाले, "जाताना ती... माझ्याबद्दल काही बोलली का रे?"

मृणाल समोरच होती. मांडीवर आमची मुलगी. मला बाथटबचा काठ आठवला आणि ते घडी घातलेलं पत्र.

"नाही काका," मी म्हणालो. "काहीच बोलल्या नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

याला आता दोन वर्षं होतील. काका अजून अ‍ॅशबर्नलाच आहेत. अधूनमधून त्यांचा फोन येतो. तब्येत, हवा, नातवाची शाळा. सगळं बोलून झालं की ते ठेवत नाहीत, जरा थांबतात. मीही थांबतो. त्यांचा श्वास ऐकू येत असतो. मग मी म्हणतो, "बरं काका, ठेवतो."